पिशवीचा घास

आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर न्हाई म्हणत न्हाई, अन् सगळा घोळ तिथंच झाला.

माझी सून बेबीनंदा अंबडच्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवती. दिवाळीच्या सुट्टीत ती औरंगाबादच्या शिबिराला गेल्ती. तिथं दोर धरून कड्यावर चढली, तिथल्या साहेबायला पसंत पडली, अन् त्यायनी तिचं नाव वर पाठवून दिलं. दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाल्ती, त्या उन्हाळ्यात कागद आला. हिमालयात अठ्ठावीस दिवस राहायचं अन् बर्फाचा डोंगर चढायला शिकायचं. माझा पोरगा साहेबराव कोर्टात कारकून हाय. त्यानं कागद दोनदा वाचला अन् वा म्हणला. म्या बी वा म्हणलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अख्ख्या कोर्टाला सांगितलं, वकिलायला सुद्धा, की आमची मिसेस हिमालयात चालली. वस्तीतले लोक येऊन जयभीम घालून कौतुक करून गेले. मंग तिसऱ्या दिवशी तो भिताडाकडं बघून म्हणला, सुजाताला कोण बघंल. सुजाता म्हंजे माझी नात, दोन वर्षांची. विचारलं भिताडाला, पण उत्तर मलाच द्यायचं होतं. म्हणलं, मी हाय की.

झालं. तिथं अडकले.

खरं सांगते, मला ती जायला नको होती. आडाचं पाणी, दळण, पोराचा डबा, अन् वरून काखेत नात. सून घरात आली तवा कुठं माझी पाठ भुईला टेकली होती. आता अठ्ठावीस दिवस हे सगळं फिरून माझ्याच गळ्यात येणार, अन् माझा गुडघा तर आडाच्या दोन पायऱ्या चढताना बी कुरकुरतो. पण शिकलेल्या सुनेला सासूनं अडवलं असं वस्तीत झालं असतं, ते मला चाललं नसतं. ती जायला नको ह्याला आणखी बी एक कारण होतं, ते मला तवा माहीत नव्हतं.

साहेबरावला बी ती जायला नको होती. पण तो कोर्टाला सांगून बसलेला. माघार घ्यावी तर वकील दात काढणार. मंग त्यानं त्या कागदाचं दुसरं पान धरलं.

दुसऱ्या पानावर सामानाची यादी होती. मोठी पिशवी, बूट, दोर, बर्फ फोडायची कुदळ, हे सगळं तिथं मिळणार. पण रोज सकाळी डोंगरावर जाताना पाठीवर टाकायची लहान पिशवी ज्याची त्यानं आणायची. तीत पाणी, दुपारचं खाणं, स्वेटर अन् पावसाचा कोट बसला पाहिजे. रिकामी असताना वजन अर्ध्या किलोच्या आत. दोन्ही खांद्यांवर बसणारी. पाणी न पिणारी. अन् खाली रेघ मारून लिहिलेलं, की सामान यादीबरहुकूम नसलं तर दाखल करून घेणार न्हाईत. ती रेघ साहेबरावला लई आवडली. असली पिशवी पुण्या-मुंबईला मिळत असंल, आपल्याकडं कुठली, असं तो म्हणला. तरी बघतो म्हणला.

अन् बघितलं की त्यानं. नेमानं दर रविवारी बघितलं. पहिल्या रविवारी जालन्याच्या जुन्या बाजारातून मिलिटरीचा पिठ्ठू, म्हंजे पाठीवरची पिशवी, आणला. खाकी, जाडजूड, पितळी बकलं अन् चामड्याचे पट्टे. बेबीनंदा तो घेऊन सरळ बद्रीनाथच्या किराणा दुकानात गेली अन् तराजूत टाकला. दुसऱ्या पारड्यात दोन किलोचं माप ठेवलं तवा काटा जागेवर आला. बद्रीनाथ म्हणला, बाई, ह्यात सामान घालायचं का हेच सामान हाय. दुसऱ्या रविवारी रेक्झिनची पिशवी आली, वर विमानाचं चित्र. वजनाला ठीक होती, पण थंडीत रेक्झिन तडकतं अन् घामानं पाठीला चिकटतं, असं बेबीनंदाचं म्हणणं. तिसऱ्या रविवारी शबनम. ती तर कवी लोक खांद्याला अडकवून हिंडतात.

तरी तिनं प्रत्येक पिशवी तपासली, नुसतं नाक मुरडलं न्हाई. आमच्या गावात हिमालय म्हणाल तर मत्स्योदरी देवीची टेकडी. आम्ही देवीला जात न्हाई, पण पायऱ्या काही कुणाच्या बापाच्या न्हाईत. पिशवीत पाच किलो ज्वारी भरायची, अन् सकाळी शाळेच्या आधी ती वर-खाली, वर-खाली. मी सुजाताला घेऊन खाली बसायची. शबनम तिनं आडवी गळ्यात टाकली होती, तर वाकलं की पिशवी फिरून पोटावर यायची, सरळ झालं की ढुंगणावर. देवीला आलेल्या बाया बघून राह्यल्या होत्या. चार फेऱ्या झाल्यावर बेबीनंदा माझ्याजवळ येऊन बसली अन् ज्वारीच्या पिशवीवर हात ठेवून म्हणली, दोराला लटकलेलं असताना ही अशी गळ्यात आली तर हात सुटंल. शेवटी एवढंच विचारलं, की पिशवीच मिळाली न्हाई म्हणून राह्यलं, असं शाळेत सांगू का.

आता इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. हो म्हणलं असतं तर सगळं आपसूक मिटत होतं. पण मला लागलं ते. अंबडात माझ्यासारखी गोधडी कुणी शिवत न्हाई, ही फुशारकी न्हाई, कुणाला बी विचारा. अन् माझ्या सुनेनं कापडाच्या एका वस्तूपायी घरी बसावं? माझ्या तोंडून निघून गेलं, मी शिवते. तोंड हाय का काय! दुसऱ्यांदा अडकले.

कापड शोधायला दोन दिवस गेले. मांजरपाट पाणी पितं, ताडपत्री जड. मंग पत्र्याच्या पेटीमागं मालकाची छत्री दिसली. मालक, म्हंजे माझा नवरा, गेला त्या साली घेतलेली, दोन पावसाळे बी न बघितलेली. छत्रीचं कापड हाताला काहीच लागत न्हाई, अन् पाणी त्याच्यावर थांबत न्हाई. ती उसवली. साहेबरावची कॉलेजातली काड्या मोडलेली छत्री होती, ती बी उसवली. छत्रीच्या पाकळ्या तिकोनी असतात. एक सुलटी एक उलटी अशा जोडत गेलं की सरळ पट्टा निघतो. दोरा मेणातून ओढून घेतला, म्हंजे सुईच्या भोकातून पाणी जाऊ नये. खांद्याला बाजेची नवार लावली, चांगली चार बोटं रुंद. नवार जिथं पिशवीला धरती तिथंच सगळा भार येतो, म्हणून तिथं आतून गोधडीचे चार पदर टाकले. तोंडाला परकरासारखा नेफा करून नाडी ओवली. तळ दुहेरी. बेबीनंदा शाळेतून आली की पाठ करून उभी राहायची अन् मी माप घ्यायची. पट्टा दोन बोटं वर घ्या, आत्या, म्हणायची. मी घ्यायची. आमच्या दोघींचं लग्नापासून एवढं बोलणं झालं नव्हतं.

बद्रीनाथच्या तराजूत अर्ध्या किलोचं माप ठेवलं तर पिशवीचं पारडं वरच राह्यलं. त्यानं माप काढून पाव किलोचं अन् शंभराचं ठेवलं, तरी वरच. साहेबराव तिथं होता. तो लई छान म्हणला, अन् त्याचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी टेकडीखाली बेबीनंदानं ती पिशवी ज्वारी भरून माझ्याच पाठीवर चढवली. आत्या, बघा तरी काय शिवलंय, म्हणली. मी पायऱ्या चढले. जास्त न्हाई, वीस-पंचवीस असतील. माझा जन्म डोक्यावर ओझं नेण्यात गेला. सरपण डोक्यावर, पाणी डोक्यावर, दुष्काळात खडीच्या कामावर पाटी डोक्यावर. डोक्यावर ओझं असलं की माणसाला वर बघता येत न्हाई, नजर पायापुढच्या चार हातांवर. अन् एक हात कायम वर धरलेला. त्या दिवशी माझे दोन्ही हात मोकळे होते अन् मान बी मोकळी होती. मी वर बघितलं. नुसतं आभाळच होतं, दुसरं काय असणार. पण मला इतका राग आला की मी तशीच खाली उतरले अन् पिशवी उतरवून तिच्या हातात दिली.

तेच ते दुसरं कारण. मला बी जायचं होतं. कुठं ते माहीत न्हाई, पण जायचं होतं, अन् पन्नाशीत ते कळून काय उपयोग. ही पोरगी माझ्या हातची पिशवी घेऊन चालली, अन् मी हितं तिच्या पोरीची लंगोटी वाळत घालणार.

आता घासाचं सांगते. आमच्याकडं गोधडी शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा एक तुकडा घालून मंग तो कोपरा बंद करतात. त्याला घास म्हणतात. गोधडी रातभर माणसावर पडून राहती, तिला उपाशी कसं ठेवायचं, असं माझी माय सांगायची. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तवा मालकानं घरातले देव नदीत सोडले. माझं काही म्हणणं नव्हतं, देवायनी तरी काय दिलं होतं. पण घास सुटला न्हाई. घास काही देव न्हाई, भूक हाय. मालकाच्या नकळत घालायची, नंतर पोराच्या नकळत, अन् बेबीनंदा तर मास्तरीण, ती हसंल म्हणून तिच्या नकळत. पिशवीच्या दुहेरी तळात म्या तसाच घास घातला अन् शेवटचा टाका मारला. इथवर माझं काही चुकलं न्हाई.

चुकलं ते पुढं. गोधडी रोज अंगावर असती, दिवसा वळणीवर टांगलेली असती, म्हणून घासाला उंदीर लागत न्हाई. ही पिशवी म्या नेऊन ज्वारीच्या कणगीवर ठेवली. कणगीपाशी उंदरायचं राज्य हाय. कणगीजवळ कापड ठेवू नये हे मी जलमभर दुसऱ्या बायायला सांगत आले. खुंटी रिकामी होती. खुंटी दिसत होती. म्या कणगीवर ठेवली अन् भाकरी टाकायला गेले, अन् तीन दिवस तिकडं बघितलं न्हाई.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सामान बांधायला काढलं तर तळाच्या कोपऱ्याला वीतभर भगदाड. घासाचा कण बी उरला नव्हता. साहेबरावनं पिशवी उजेडात धरली, भोकातून हात घालून बघितला अन् हळहळला. आता एका दिवसात काय होणार, म्हणला. पुढच्या वर्षी बघू, म्हणला. पुढच्या वर्षी सुजी बी मोठी झालेली असंल. बोलता बोलता त्याचा आवाज इतका मऊ झाला की मला माझ्याच पोराची लाज वाटली, अन् मंग माझी वाटली. बेबीनंदानं भगदाडाभोवती एकदा बोट फिरवलं, पिशवीची घडी घातली अन् परातीत पीठ घेऊन मळायला बसली.

तिनं भांडायला पाहिजे होतं. रडली असती तरी चाललं असतं. ती पीठ मळत होती अन् मी चुलीपुढं बसलेली. उठून जावं तर कुठं जावं. दार उघडं होतं, पण मला काही सुटका न्हाई हे कळून चुकलं. साहेबराव अंगणात दाढी करून राह्यला होता, गुणगुणत. शेवटी मी बोलले.

"बेबी, तळात भाकरीचा घास म्या घातल्ता. अन् कणगीवर बी म्याच ठेवली. समजून-उमजून ठेवली."

तिचा हात थांबला न्हाई.

"घासाचं माहीत हाय, आत्या. पहिल्याच दिवशी हाताला लागला होता."

"मंग काढून का टाकला न्हाई?"

"तुमचा घास होता." मंग तिनं पिठातले हात काढले. "अन् कणगीवरची पिशवी मी बी उचलली न्हाई. तीन दिवस येता-जाता बघत होते. सुजी रात्री माझ्या गळ्यात हात टाकून झोपती. मला जायचं न्हाई असं म्हणवंना अन् जायचं असं बी म्हणवंना. म्हणलं, उंदरानंच काय ते ठरवावं."

मला जो राग आला तो आजवर कुणाचा आला नसंल. तीन धडधाकट माणसं. एक कोर्टातला कारकून, एक मास्तरीण, एक मी. अन् घराचा फैसला करायला बसवला कुणाला, तर उंदराला! मी उठले. म्हणलं, आता तोंडानं सांग, जायचं हाय का न्हाई. ती माझ्याकडं बघत राह्यली. सुजाता परातीत हात घालून पीठ खात होती, तिच्याकडं बघितलं.

"जायचं हाय," ती म्हणली.

"मला तू जायला नको होती," म्या म्हणलं. "अजून बी नको हाय. पण जा."

आमच्या घरात एवढं सरळ कुणी कधी बोललं नव्हतं. गुणगुणणं बंद झालं. साहेबराव साबण लावलेल्या तोंडानं दारात येऊन उभा राह्यला. म्या त्याला म्हणलं, तुला नको असंल तर आत्ता न्हाई म्हण, हितं, आमच्या तोंडावर, अन् मंग कोर्टात बी जाऊन सांग. तो एकदा बायकोकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. त्याचं तोंड उघडलं, पण त्यातून न्हाई हा शब्द काही निघंना. तवर मी दाराआडची त्याची छत्री काढली होती. चांगली छत्री, मागच्याच सालची, लाकडी मुठीची, रोज कोर्टात नेणारी. विळीवर धरली अन् पहिली पाकळी उसवली.

"माय, पावसाळा महिन्यावर हाय," एवढंच तो म्हणला.

म्हणलं, भीज.

दिवसभर शिवत बसले. कुरतडलेला तळ काढून नवा टाकला, दुहेरीच. ज्या कोपऱ्यात शिवण संपती तिथं आले तवा सुई थांबली. टोपल्यात भाकरी होती, हात लांबवला की मिळाली असती. म्या नुसती गाठ मारली अन् दोरा तोडला. संध्याकाळी बद्रीनाथनं तराजू केला तर वजन पहिल्यापेक्षा जरासं कमीच भरलं. ह्या बारीला पिशवी खुंटीवर टांगली.

सकाळी आम्ही सगळे बसस्टँडवर गेलो. बेबीनंदाला जालन्याला आगगाडीत बसवून द्यायला साहेबराव संगं चालला होता. त्यानं ट्रंक उचलली होती. कोर्टातला एक वकील भेटला, त्यानं अभिनंदन केलं, तर हा कसाबसा हसला. बेबीनंदानं पिशवी दोन्ही खांद्यांवर चढवली. सुजाता माझ्या काखेत होती. तिला वाटलं आई शाळेतच चालली, म्हणून ती मजेत होती. ते बघून बेबीनंदाचा चेहरा असा झाला की मला वाटलं ही आता मागं फिरती. अन् खोटं कशाला बोलू, मला वाटलं फिरली तर बरं होईल. अठ्ठावीस दिवस माझ्यापुढं उभे होते.

कंडक्टरनं बेल मारली. साहेबराव वर चढला. तिनं एक पाय पायरीवर ठेवला अन् परत खाली उतरली. पिशवी पुढं घेतली, तोंडाची नाडी सोडली, आतून शिदोरीचं फडकं काढलं.

"आत्या, ह्या बारीला घास न्हाई ना घातला?"

"न्हाई," म्या म्हणलं.

तिनं भाकरीचा एक तुकडा मोडला अन् सगळ्या बसस्टँडसमोर माझ्या तोंडात घातला. मंग पिशवी पाठीवर टाकून वर चढली. बस धूळ उडवत जालन्याच्या रस्त्याला लागली. खिडकीतून ती हात हलवत होती, सुजाता बी हलवत होती. माझ्या तोंडात घास होता, म्हणून तिला नीट जा म्हणायचं बी राहून गेलं.